विचारा की! : ‘पाणी होतं, दाणा नव्हता’ याच्या पुढचं कसं विचारायचं?

या महिन्यात कॉलेजच्या प्रकल्पांबद्दलची पत्रं बरीच आली. परीक्षा जवळ आल्याची खूण! त्यातली तीन घेते. पहिल्यालाच जास्त जागा जाणार आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

*ताई, सप्रेम नमस्कार. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फील्ड प्रोजेक्टसाठी ‘बहात्तरचा दुष्काळ आणि ग्रामीण स्त्रिया’ हा विषय घेतलाय. आमच्या गावात माझी आजी आणि तिच्या बरोबरीच्या तीन बायका यांच्या मुलाखती घेतल्या. एकही दहा मिनिटांच्या वर गेली नाही. सगळ्या एकच सांगतात, “लई हाल झाले. पाणी व्हतं, पण दाणा नव्हता.” की पुढं गप्प. घरातली माणसं मध्येच बोलतात. एका आजींनी तर विचारलं, नाव लिहून घेतलंस तर पैसे कधी यायचे? सरांनी तीस प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्यात. माझी प्रश्नावली आणि एका मुलाखतीचा उतारा सोबत जोडला आहे. माझं काय चुकतंय?*
*— एक विद्यार्थिनी, करमाळा तालुका*

तुझी प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न असा: “सन 1972 च्या दुष्काळात आपणांस कोणकोणत्या सामाजिक व आर्थिक समस्यांना तोंड द्यावे लागले?” अगं, घरात आजीला ‘तू’ म्हणतेस ना? मग कागद हातात आला की ती एकदम ‘आपणांस’ कशी झाली? तहसील कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटलं असेल तिला. आणि उत्तर तिने चोख दिलंय. तू समस्या विचारल्यास, तिने हाल सांगितले. विषय संपला.

सातवा प्रश्न त्याहून कठीण: “दुष्काळामुळे स्त्रियांवरील कामाचा ताण वाढला व त्यांच्या आरोग्यावर परिणाम झाला, असे आपणांस वाटते का?” यात प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींचं उत्तर तूच देऊन ठेवलंयस. ‘व्हय’ म्हणण्यापलीकडे त्या माउलीला काही शिल्लकच ठेवलं नाहीस. अशी तीस ‘व्हय’ गोळा केलीस तरी तुला कळलेलं काहीच नसेल. जे आधी वाटत होतं तेच तीसदा लिहिलेलं असेल.

आता ‘पाणी होतं, दाणा नव्हता’ याबद्दल. हे वाक्य खोटं नाही. पण ते एकट्या तुझ्या आजीचंही नाही. 2012-13 च्या दुष्काळात ते वर्तमानपत्रांत, भाषणांत, एसटीच्या बाकड्यावर सगळीकडे ऐकू येत होतं: तेव्हा पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही. पन्नास वर्षं तोंडोतोंडी फिरून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे ते. कुणीही दुष्काळ म्हटलं की आधी तेच बाहेर येतं. येऊ दे. मान हलव, आणि मुलाखत तिथून सुरू झाली असं समज. तुझी तिथे संपते आहे, एवढंच बिघडलंय.

पुढे जायचं तर ‘काय वाटलं’, ‘कसे दिवस होते’ असं विचारू नकोस. एखादा दिवस विचार, एखादी वस्तू विचार. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. त्यात बायका भरपूर. खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची, रस्त्याचा भराव टाकायचा. तुझी आजी यातल्या कुठल्या तरी कामावर असणार. मग विचार ना तिला, कामावर जायला घरातून कधी निघायचीस? बरोबर कोण असायचं? भाकरी काय बांधून न्यायचीस? अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी थापता यायची का नीट, की चिरायची? पोरं कुठं ठेवायचीस? सुकडी, म्हणजे कामावर मिळायचा तो कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे ती तिथंच खायची की पदरात बांधून घरी आणायची?

पाटोद्याकडच्या एका आजींना मी एकदा विचारलं, “खडी फोडायची हातोडी घरची होती का कामावरची?” त्याआधी त्या माझ्याशी पाहुण्यासारख्या बोलत होत्या. या प्रश्नावर मात्र सरसावून बसल्या. हातोडीचं लोखंड मुकादमाकडचं, दांडा ज्याचा त्याने आणायचा. नवऱ्याने बाभळीचा तासून दिला, तो जाड झाला, मुठीत बसेना, त्यावरून भांडण. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, तरी नखं काळी पडायची. पैसे मापावर, म्हणून खडीचा ढीग महत्त्वाचा. आणि मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की ढीग आतून थोडा पोकळ ठेवायची एक रीत असते, ती त्यांना सासूने शिकवली होती. मापाला येणारा माणूस काठी खुपसून बघायचा. काठी कुठल्या बाजूने खुपसतो हे सासूला पाठ, त्या बाजूला ढीग भरीव! सांगताना दोन्ही हातांनी हवेत ढीग रचून दाखवला त्यांनी.

या एका उत्तरात बघ किती गोष्टी आल्या. मजुरी कशी ठरत होती, मुकादम आणि मजूर एकमेकांना कसे जोखत होते, सासू-सुनेचं नातं कामावर कसं बदलत होतं. शिवाय ती बाई नुसती हाल सोसणारी राहिली नाही, डोकं चालवणारी झाली. ‘स्त्रियांच्या समस्या’ असं विचारलं असतं तर यातलं अक्षरसुद्धा हाती लागलं नसतं.

साल विचारू नकोस. 1972 मध्ये विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिचं कॅलेंडर वेगळं. “तेव्हा कोणतं पोर कडेवर होतं?” हे विचार, साल तुझं तुला काढता येईल. तुमच्या तालुक्यात तर उजनी ही भक्कम खूण आहे. धरण 1980 मध्ये पुरं झालं. तेव्हा “उजनीचं पाणी यायच्या आधीचं का नंतरचं?” एवढ्यावर बरंच निवळतं. या वयात दोन दुष्काळ एकमेकांत मिसळतात. आज्या बहात्तरबद्दल बोलताना ‘रोजगार हमीवर गेलो’ असंही म्हणतील. योजना तेव्हा नुकती आली होती, पण दुष्काळातली बरीचशी कामं ही दुष्काळी कामंच होती. रोजगार हमीचा कायदा 1977 चा आणि त्याचा अंमल 26 जानेवारी 1979 पासून. म्हणून आजीला अडवून दुरुस्त करत बसू नकोस. ती म्हणते तसं लिहून घे आणि हा खुलासा तुझ्या अहवालात दे. मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे.

एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्टच सांगते. तू घेतलेल्या चारही आज्या एकाच आळीतल्या दिसतात, बहुधा भावकीतल्याच. “पाणी व्हतं” हे त्या चौघींनी सांगितलं. पण कुणाच्या विहिरीला होतं, आणि ते कुणाला भरू देत होते? दलितांनाही गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता यावं म्हणून बाबा आढावांनी चालवलेली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ त्याच सुमाराची आहे, ती उगीच उभी राहिली नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत जा. तिथल्या आजींना तेच विचार: पाणी कुठून आणायचात, स्वतः शेंदायचात की कुणी वरून ओतायचं? ते गुळगुळीत वाक्य तिथे टिकतं का बघ. टिकलं तर तसं लिही, नाही टिकलं तर तुझ्या प्रकल्पाचा गाभा तोच. तिथे जाताना घरात कुरकुर होईल कदाचित. प्रकल्पाचं निमित्त करून जा, नाही तर एरवी कधी जाणार आहेस?

आता मध्ये बोलणारी माणसं. “तिला काय विचारती, मी सांगतो की सगळं!” हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने खेड्यात मुलाखत घेतलेली नाही. वाद घालू नकोस. “आप्पा, तुमचं मला सगळं सविस्तर घ्यायचंय, उद्या फक्त तुमच्यासाठी येते,” म्हण. आणि खरंच जा. आप्पांकडेही कामाचं निघतं. आजींना गाठायची वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावर. पुरुष पारावर नाहीतर रानात असतात तेव्हा. शेंगा फोडायला, लसूण सोलायला बस त्यांच्याबरोबर. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. आणि त्या थांबल्या की तूही थांब. तुझ्या पाठवलेल्या उताऱ्यात आजी जरा थबकली की तू लगेच पुढचा प्रश्न टाकतेस. म्हातारं माणूस आठवत असतं गं! मनात सावकाश दहा अंक मोज.

पैशांचा प्रश्न विचारणाऱ्या आजींचं काहीच चुकलं नाही. पॅड, छापील कागद, पेन घेऊन दारात आलेलं माणूस आजवर त्यांनी कशासाठी पाहिलंय? निराधारचा अर्ज, रेशनकार्डाची पडताळणी, लाडक्या बहिणीचा फॉर्म. तेव्हा ते पॅड घरी ठेव. प्रश्न पाठ कर, पाच-सातच. आणि सुरुवातीलाच सरळ सांग: “आजी, मी अमक्याची नात, कॉलेजात शिकते. हे माझ्या अभ्यासासाठी आहे. यातून पैसे, योजना काही मिळणार नाही. तुमचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेऊ का? नाव छापू का बदलू? मध्येच नको वाटलं तर सांगा, बंद करते.” हे सगळं त्यांच्या आवाजात, त्यांच्या ‘हो’सकट रेकॉर्ड होऊ दे. सही-अंगठ्याच्या कागदापेक्षा मला हे बरं वाटतं. अंगठा म्हटला की म्हातारी माणसं बिथरतात, आणि बिथरायला कारणंही आहेत त्यांच्याकडे.

जमीन विकली का, गहाण टाकली का, हे मुलासुनेसमोर विचारायचं नाही. काही घरांत ते आजही झाकलेलं असतं. तलाठ्याकडे जुन्या फेरफार नोंदी मिळाल्या तर 1972 ते 74 मध्ये गावात किती जमिनी हातोहात गेल्या याचा अंदाज कुणाला न दुखवता येईल. शाळेचं जनरल रजिस्टरही मुख्याध्यापकांना विचारून बघ. त्या वर्षात नावं कमी झालेली मुलं-मुली किती, हे त्यात सापडू शकतं. मुलाखत आणि कागद एकमेकांशी ताडून बघितले की प्रकल्पाला वजन येतं.

राहिले तुझे सर आणि तीस प्रश्नावल्या. सरांशी भांडू नकोस, गुण त्यांच्याच हातात आहेत. आठ लांब मुलाखती घे, त्यातली एक पूर्ण उतरवून त्यांच्या टेबलावर ठेव आणि विचार, “सर, अशा आठ चालतील का?” बहुतेक सर वाचल्यावर विरघळतात. नाहीच विरघळले तर तीस आखूड प्रश्नावल्या वेगळ्या भरून दे आणि या आठ खऱ्या प्रकल्पासाठी ठेव. एक मात्र कबूल कर: आठ मुलाखतींवर ‘62.5 टक्के स्त्रियांच्या मते’ असं लिहायचं नाही. त्या पाच बायका आहेत. पाच बायका असंच लिही.

*नमस्कार मॅडम. आमचा प्रकल्प गिरणी संपावर आहे. माझ्या आजोबांच्या ओळखीने लालबाग-परळमधले सहा निवृत्त कामगार भेटले. पण कुणाचंच कुणाशी जुळत नाही. एक म्हणतो डॉक्टरांनी (संपाचे नेते दत्ता सामंत) वाट लावली, दुसरा म्हणतो डॉक्टर देवमाणूस. संप कधी संपला याच्या तर सहा जणांनी सहा तारखा सांगितल्या. कुणाचं खरं धरायचं? एक काका फार चिडतात, त्यांना पुन्हा भेटायची भीती वाटते.*
*— एक विद्यार्थी, डोंबिवली*

सहा तारखा मिळाल्या? मग तुझं काम उत्तम चाललंय! संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला यावर सगळ्यांचं एकमत असेल. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. त्यामुळे प्रत्येकाचा संप वेगळ्या दिवशी संपला. कुणी गिरणीत परत गेला तो दिवस सांगतो, कुणी परत घेतलंच नाही तो दिवस, कुणी गावाला निघून कायमचा शेतीला लागला तो. ‘खरी तारीख कोणती’ हा प्रश्न सोड. “तुमच्यापुरता संप कधी संपला, त्या दिवशी काय झालं?” हे सहाही जणांना पुन्हा विचार. तुझ्या प्रकल्पाचं अख्खं प्रकरण त्यातून निघेल.

डॉक्टर दत्ता सामंतांबद्दलची मतं जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नकोस. त्यापेक्षा कोण कुठे उभा राहून बोलतोय ते समजून घे. काका कायम होते की बदली, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळणारे? कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला? घरी गावाकडे जमीन होती का? बदली कामगाराला कायम कामगाराइतका आधार नसायचा, गावाकडे पाच गुंठे असलेला माणूस वर्षभर तग धरू शकायचा, नसलेला नाही. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटींचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, त्या युनियनबद्दल त्यांचं मत काय होतं, हेही विचार. हे कळलं की ‘वाट लावली’ आणि ‘देवमाणूस’ ही दोन्ही टोकं कुठून आली ते आपोआप दिसतं. मुद्दा सिद्ध करायला काकांचा वापर करायचा नाही, एवढं सांभाळ.

चिडणाऱ्या काकांना अवश्य भेट. तो राग तुझ्यावर नाही. मुलाखत खोलीत घेऊ नकोस. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, कुकर, सून, नातवंडं आणि शेजारचा कान, एवढ्यांसमोर कुणीही एक तर भाषण करतो नाही तर भडकतो. त्यांना म्हण, “काका, तुमच्या गिरणीपर्यंत चालत जाऊ या.” फिनिक्सचा आता मॉल झालाय, काही ठिकाणी टॉवर उभे आहेत, पण माणूस चालायला लागला की सांगायला लागतो. इथे गेट, इथे भोंगा ऐकू यायचा, इथे खानावळ, इथे कामावर माणसं घेणारा जॉबर उभा राहायचा. गाड्यांच्या आवाजात रेकॉर्डिंग खराब होईल, म्हणून मायक्रोफोनची पिन त्यांच्या शर्टाला लाव आणि घरी येताच अर्ध्या तासात आठवेल ते वहीत उतरव. आणि त्यांनी विचारलं, “आमच्या म्हाडाच्या घराचं काही करता येईल का रे?” तर “बघतो” म्हणू नकोस. “नाही काका, ते माझ्या हातात नाही,” एवढं म्हण. ‘बघतो’ म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेत.

*मुलाखती मोबाइलवर आहेत. उतरवून काढताना भाषा शुद्ध करायची का? ‘व्हतं’चं ‘होतं’ करू का? मोबाइलला बोललेलं आपोआप टाइप करायला लावलं तर भलतंच काहीतरी येतं.*
*— एक वाचक, जत*

शुद्ध करायचं नाही. ‘व्हतं’ तर ‘व्हतं’. तुमच्याकडे सीमेवरचं बोलणं, मध्येच कानडी शब्द येणार. तेही तसेच ठेवा आणि खाली अर्थ द्या. हसले, थांबले, आवाज उतरला, हे चौकटी कंसात नोंदवा. अहवालात उद्धृत करताना वाचकासाठी एखादा अडखळा, ‘आपलं ते’, ‘हे बगा’ गाळलं तर चालतं, पण मूळ उताऱ्यात नाही.

मोबाइलचं टायपिंग जतच्या आजोबांपुढे हात टेकणारच. त्यातून मिळालेला मजकूर कच्चा माल समजा आणि कान लावून दुरुस्त करा. नवख्याला तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज लागतात, तेव्हा सगळ्या मुलाखती संपल्यावर उतरवू असं ठरवू नका. पहिली उतरवा, मगच दुसरीला जा. आपण कुठे घाईने बोललो, कोणता धागा हातचा सोडला, हे स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही.

रेकॉर्ड करताना फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी बँकेचा कॉल येतो. फोन नुसत्या फरशीवर किंवा पत्र्याच्या टेबलावर ठेवू नका, खाली टॉवेलची घडी घाला. पंखा बंद करता आला तर करा. उन्हाळ्यात नाही जमणार, मग निदान फोन पंख्याखाली नको. फाइलला तारीख, गाव आणि क्रमांक द्या. नाव बदलायचं कबूल केलं असेल तर खरं नाव फाइलवर घालू नका, ते वेगळ्या वहीत. आणि आजच्या आज एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. दर वर्षी कुणाचा तरी फोन विहिरीत पडतो आणि मग मला पत्र येतं.